शालन व इतर तीन

नव्या गाडीचं नाव 'गवा' ठेवलं होतं. त्या नावासाठी हेड ऑफिसमध्ये म्हणे आठ महिने बैठका झाल्या. आमच्या शोरूममध्ये पहिलं पोस्टर लागलं तेव्हा शालन बादली हातात धरूनच त्याच्यासमोर उभी राहिली. धुक्यातून येणारी काळपट हिरवी गाडी, बाजूला खडक, आणि मोठ्या अक्षरांत: वाट विचारू नका.

"ताई, गवा म्हंजे रेडाच ना?"

"रानातला असतो. रेड्यापेक्षा मोठा."

"मंग रेडाच ठेवाचा नाव. लोकांना लगेच समजला असता."

मी रिसेप्शनला बसते. तुर्भ्याला, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आमची डीलरशिप आहे आणि मी तिथे एकवीस वर्षं आहे. फोन घेते, गिऱ्हाइकाला पाण्याची बाटली देते, आणि मॅनेजरसाहेबांना लागतील ती पत्रं टाइप करून देते. टायपिंग मी इथेच शिकले, रिकाम्या दुपारी गाड्यांची माहितीपत्रकं उतरवून काढत. त्यामुळे मला गाडी चालवता येत नाही, पण डिफरन्शियल लॉक म्हणजे काय ते झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

शोरूमच्या मागच्या अंगाला गाड्या धुण्याची जागा. तिथे चौघी जणी. शालन, गिरजाबाई आणि मनाली जवळच्या बोनकोडे गावच्या, नंदिनी दिवाळे गावची. सर्व्हिसिंगला आलेली प्रत्येक गाडी आधी त्यांच्या हाताखालून जायची. त्यातही शालनचं एक वेगळंच होतं. ती चिखल वाचायची. गाडी आत आली की चाकामागे वाकून बघायची आणि सांगायची: हा लाल, हा महाड-पोलादपुराकडचा. हा काळा चिकट, देशावरचा. हा राखाडी, तेलकट वासाचा, न्हावा शेव्याला कंटेनरच्या रांगेत उभी होती गाडी. एकदा वाशीचे एक साहेब बायकोला घेऊन गाडी न्यायला आले. शालन कौतुकाने म्हणाली, "सायेब, कोकनात जाऊन आलाव वाटतं." बायको म्हणाली, "कोकणात? हे तर नाशिकला होते ना कामाला." त्यानंतर ते जोडपं आमच्याकडे सर्व्हिसिंगला आलं नाही. साहेबांना दुसरं वर्कशॉप सापडलं असावं. बाईंचं काय झालं, कळलं नाही.

लॉन्च शनिवारी अकराला होता. त्या आठवड्यातल्या मंगळवारी मॅनेजर उदयसिंहसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मूळचे कराडकडचे, आवाज मोठा, मनाने तसे बरे. पण महिनाअखेर जवळ आली की मन घरी ठेवून येतात.

"ताई, दोन पत्रं टाइप करायचीत. पहिलं, वॉशिंगवाल्या बायकांना शनिवारी भरपगारी रजा. पाहुणे येणार, मागची मंडळी पुढे दिसायला नकोत."

"आणि दुसरं?"

त्यांनी कागद सरकवला. एक तारखेपासून गाड्या धुण्याचं काम नवीन स्वयंचलित मशीन करील, सबब शालन व इतर तीन यांची सेवा समाप्त करण्यात येत आहे.

मागच्या अंगाला महिनाभर पत्र्याआड काहीतरी ठोकाठोक चालली होती. मजुरांनी 'गोडाऊन' असं सांगितलं होतं. ते मशीन होतं तर.

"पहिलं शुक्रवारी द्यायचं. दुसरं सोमवारी. मधे कुणाकडे बोलायचं नाही. लॉन्च नीट जाऊ द्या."

"नावं काय घालू, सर?"

"कसली नावं?"

"इतर तीन जणींची."

"अहो ताई, जागा कुठंय एवढी पत्रात."

पत्र पाच ओळींचं होतं. पान अर्धं रिकामं होतं. मी दोन्ही पत्रं टाइप केली, साहेबांची सही घेतली, दोन वेगळ्या लिफाफ्यांत घातली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. त्या दिवशी डबा खाल्ला नाही. फार मोठं काही केलं असं नाही, भाजी कारल्याची होती तेही एक कारण.

बुधवारी ऋषी आला. इव्हेंटवाला, चाळिशीचा, मागे छोटीशी शेंडी. त्याच्या माणसांनी डब्यांतून चिखल आणला होता. तपकिरी पावडर, डिंक आणि आणखी काय काय. हेड ऑफिसचा हुकूम असा की स्टेजवर दोन गवे हवेत. एक चकचकीत, आणि दुसरा आत्ता रानातून आल्यासारखा. ऋषीच्या माणसांनी पिचकारीने तो चिखल दुसऱ्या गाडीवर मारला. सगळीकडे सारखा, टपापासून टायरपर्यंत.

संध्याकाळी पुण्याहून हेड ऑफिसच्या क्षिप्रामॅडम आल्या. बारीक चणीच्या, सपाट चपला, आवाज अजिबात न चढवणाऱ्या. अशा बाईला घाबरावं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"ऋषी, हे चॉकलेट आहे."

"मॅडम, फिल्मच्या शूटिंगला हेच वापरतात."

"फिल्ममध्ये गाडी दोन सेकंद दिसते. इथे लोक हात लावणार आहेत."

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. शालन पुसायचं फडकं तोंडावर धरून उभी होती, पण हसू फडक्याबाहेर येत होतं. उदयसिंहसाहेबांनी डोळे वटारले.

क्षिप्रामॅडमनी मात्र विचारलं, "तुम्ही का हसलात?"

"चिखल असा बसत नाय, मॅडम. यो होळीचा रंग झाला."

"मग कसा बसतो?"

शालनने फडकं खांद्यावर टाकलं. "गाडी धावली तं चाक मागं उडवतो. म्हनून चाकाच्या मागं जाडा, पुढं पातल. दाराला खालून वर शिंतोडे जातात, पंख्यावानी. वायपर फिरला तेवढी काच साफ. आनि दांडीला चिखल नसतोच. दार उघडून मानूस उतरलाय ना? त्याच्या हाताला गेला तो."

क्षिप्रामॅडमनी दाराच्या दांडीकडे बघितलं. ऋषीच्या माणसांनी तिथेही जाड थर मारला होता. म्हणजे ही गाडी रानातून आली, पण आतला माणूस अजून आतच होता.

"तुम्ही कराल?"

"करीन. पन मना खरा चिखल लागंल."

ऋषी पटकन पुढे आला. "मावशी, एक कंडिशन. तीन दिवस लाइटखाली राहणार. फ्लोअरिंग इटालियन आहे. एक कण खाली पडता कामा नये. एकपण नाही."

"नाय पडनार," शालन म्हणाली. "पडनार नाय असाच घालीन."

गुरुवारी ओहोटी सकाळी होती. शॅम्पूचे चार रिकामे ड्रम पिकअपमध्ये टाकून चौघी बोनकोड्यामागच्या खाडीवर गेल्या आणि भरून परत आल्या. मागच्या अंगाला ताडपत्री अंथरली, त्यावर राखाडी गाळ ओतला, बारीक कापलेला पेंढा टाकला, आणि साड्या खोचून पायांनी तुडवायला लागल्या. गिरजाबाई पासष्टीची, तरी तीच सगळ्यात जोरात. मी फोन सोडून दाराशी उभी राहिले.

"पेंढा कशाला गं?"

"बांधाला घालतात तसा." शालन तुडवता तुडवता बोलत होती. "आमची खार होती ना, ताई, खाडीच्या काठाची भातजमीन. आता जिथं सेक्टर झालेत तिथं. खाऱ्या पान्याला अडवाला बांध लागतो, मातीचाच. भरतीला खांड पडली, म्हंजे बांध फुटला, तं आख्खा भात गेला वर्षाचा. मी लगीन करून आली तवा थोडीशीच उरलेली. सासूनं माझ्या हातानं एक खांड बुजवून घेतली. म्हनाली, हात खालून वर न्यावाचा, दाबून. वरून खाली नेलास तं पानी त्याच वाटंनं आत येतो."

"मग?"

"मंग काय. भरती आली, बांध राहिला. जमीन दुसऱ्यांनी नेली." ती हसली. "त्यांना बांध नाय अडवत."

दुपारी ऋषीचा चिखल धुऊन काढून ती गाडीवर लागली. मी माणसांना चित्रं काढताना बघितलंय, रांगोळ्या घालताना बघितलंय, पण असं काही बघितलं नव्हतं. चाकामागे तळव्याने थापलं, खालून वर, दाबून. दारावर चिखलाचा हात झटकून शिंतोडे मारले, आणि मग प्रत्येक शिंतोडा अंगठ्याने दाबत गेली. पायरीवर मनालीला बूट घालून उभं केलं आणि बुटाचा ठसा घेतला. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. ऋषीने विचारलं असं का, तर म्हणाली, "डाव्या अंगानं खड्ड्यात गेलेली हाय गाडी. रस्त्याला उजवीकडं दगड असनार."

क्षिप्रामॅडम येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ही कुठून आलीय?"

बाईंनी ती गाडी स्वतः पुण्याहून ट्रकवर चढवून पाठवली होती. तरी असं विचारलं.

हात धुता धुता शालन ऋषीला म्हणाली, "काढाच्या येली मना बोलवा. यो पान्यानं नाय निंगनार. गोनपाटं भिजवून वर घालाची, दोन तीन तास, मंग पापुद्रा सुटतो."

"हां हां, मावशी," ऋषी म्हणाला. कानाला फोन होता.

"आयकलाव ना?"

"हो ना, मावशी. गोणपाट."

आणि इथेच सगळी गंमत झाली. त्या संध्याकाळी आमच्या मालकांना कल्पना सुचली. मालकांना कल्पना सुचतात तेव्हा आम्हा सगळ्यांना आधीच थोडा ताप येतो. नवीन मशीन बसलंच आहे, तर तो चिखलाचा गवा पाहुण्यांसमोर मशीनमधून काढायचा. मोठ्या पडद्यावर थेट दाखवायचं. 'रानातून ऑफिसला, चार मिनिटांत.' उदयसिंहसाहेबांना आवडलं, ऋषीला तर फारच. गोणपाट त्याच्या डोक्यातून कधीच गेलं होतं. आणि शालनला विचारायचं कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं, कारण शालनला विचारायचं म्हणजे मशीनचं सांगायचं.

शुक्रवारी सकाळी कार्यक्रमाचा कागद टाइप करताना सहावी ओळ वाचून माझे हात थांबले. मी केबिनमध्ये गेले.

"सर, ते मशीनचं. शालन म्हणत होती की तो चिखल—"

"शालनला मशीनचं सांगितलं तुम्ही?"

"नाही, पण—"

"मग सांगूच नका. आणि ताई, तुमचा फोन वाजतोय."

फोन वाजत नव्हता. दोघांनाही माहीत होतं. मी परत जागेवर येऊन बसले, न वाजणाऱ्या फोनकडे बघितलं आणि ड्रॉवरचं कुलूप काढलं.

एकवीस वर्षांत मला दिलेलं कुठलंही काम मी वेळेआधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. दोन्ही लिफाफे घेऊन मागे गेले आणि दोन्ही शालनच्या हातात दिले.

"हे आजचं. हे सोमवारचं, पण आजच घे."

ती सावकाश वाचते. बोट ओळीखाली ठेवून. पहिलं वाचलं, घडी घातली. दुसरं वाचलं. पुन्हा वाचलं. बाकीच्या तिघी नळ बंद करून जवळ आल्या.

"इतर तीन कोन?" शालनने विचारलं.

"आमीच गं," गिरजाबाई म्हणाली.

मनालीने पत्र्याच्या फटीतून पलीकडे बघितलं. तिथे निळे निळे गोल ब्रश उभे होते, कव्हरं घातलेले.

"तुमाला कदी कलला, ताई?"

"मंगळवारी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तीन दिवस. तिच्या हातचा चहा मी बुधवारी प्यायले होते, गुरुवारी प्यायले होते. तिने मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"अजून एक," मी म्हटलं. "उद्या तो चिखल मशीनमधून काढणार आहेत. सगळ्यांसमोर. मी सांगायला गेले होते साहेबांना. ऐकलं नाही."

मला वाटलं ती हसेल. नंदिनी हसलीही. शालन नाही हसली. नळ सोडला, कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले.

"मी त्या शेंडीवाल्याला सांगला हाय. दोन येला सांगला. तुमी बी सांगला. आता आपला काम झाला." मग रजेचं पत्र वर धरलं. "यात सुट्टी लिवलीय ना? सुट्टीला मानूस काय करतो?"

"कुठं तरी जातो," मनाली म्हणाली.

"पेपरात जाहिरात आलीय ना, ताई? काय लिवलाय तिच्यात?"

"सहकुटुंब या, असं."

"मंग येतो," शालन म्हणाली. "सहकुटुंब."

शनिवारी साडेदहाला काचेच्या दारातून चौघी आत आल्या. गिरजाबाई हिरव्या नऊवारीत, नाकात नथ. शालन आणि नंदिनी गुलाबी आणि जांभळ्या, अंबाड्यात अबोलीचे वळेसर, गळ्यात घरातलं असेल नसेल ते सोनं. मनाली जीन्समध्ये, डोळ्यांवर गॉगल. सिक्युरिटीवाल्याने ओळखलंच नाही. सलाम ठोकला.

माझ्या टेबलावर पाहुण्यांचे बॅज होते. पूर्ण नाव लिहून गळ्यात घालायचे.

"नाव सांगा," मी म्हटलं.

"ताई, मस्करी नको."

"मस्करी नाही. पूर्ण नाव."

शालन हसुराम म्हात्रे. गिरजाबाई पदू भोईर. नंदिनी चांगदेव कोळी. मनाली भालचंद्र मढवी. मी मोठ्या अक्षरांत लिहिली. मनालीच्या वडिलांचं नाव मला ठाऊकच नव्हतं, आणि ती सहा वर्षं रोज माझ्या समोरून जात होती. हे मला लिहिताना कळलं, ते काही बरं वाटलं नाही.

चौघी दुसऱ्या रांगेत बसल्या. उदयसिंहसाहेब सूट घालून माझ्याकडे धावत आले. "ह्या इथं काय करतायत?"

"पाहुण्या आहेत, सर. बॅज आहे."

"रजा दिली होती ना!"

"रजेवरच आहेत."

तेवढ्यात ढोल वाजायला लागले आणि त्यांना पळावं लागलं.

धूर सुटला. पडदा सरकला. चकचकीत गव्याला टाळ्या मिळाल्या, त्या भाड्याने आणल्यासारख्या. मग चिखलाचा गवा स्टेजवर आला आणि लोक खरंच उठून उभे राहिले. मोबाइल वर झाले. एका आजोबांनी चाकामागच्या चिखलाला नख लावलं, हुंगलं आणि बायकोला म्हणाले, "खरा आहे गं." शालन मांडीवर हात ठेवून बसली होती, मुलीचं बक्षीस समारंभात नाव यावं तशी. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

मालकांनी माइक घेतला. "रान संपलं, आता ऑफिस! फक्त चार मिनिटं!"

गाडी मागे गेली. पडद्यावर मशीन दिसलं. निळे ब्रश फिरले, फेस झाला, चारी बाजूंनी पाणी, वरून वारा. खालच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चालत होतं. शून्यावर आलं, संगीत वाजलं आणि गवा बाहेर आला.

टप लखलखत होता. काचा आरशासारख्या. आणि चिखल होता तिथे होता. एक शिंतोडा हललेला नव्हता. उलट ओला झाल्यामुळे काळाभोर दिसत होता, आत्ताच थापल्यासारखा. पायरीवर मनालीच्या बुटाचा ठसा, नक्षीसकट.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मजबूत नक्की काय आहे, गाडी की चिखल?"

सगळं शोरूम हसलं. मालकही हसले, पण वेगळं. "पुन्हा एकदा!" म्हणाले. पुन्हा चार मिनिटं. पुन्हा गवा तसाच. तिसऱ्यांदा ब्रशचेच केस चिखलाला चिकटून आले. ऋषीने फवाऱ्याचा पाइप उचलला तर क्षिप्रामॅडमनी त्याचा हात धरला. "नाजूक पेंट आहे. ओरखडा गेला तर ही गाडी सोमवारी पुण्याच्या लॉन्चला जाणार नाही. आणि जाणार तर आहेच."

तेव्हा ऋषीला आठवलं. त्याचा चेहरा मोठ्या पडद्यावर दिसला. "गोणपाट," तो म्हणाला.

उदयसिंहसाहेब दुसऱ्या रांगेशी आले. कपाळावर घाम. "शालनबाई, जरा मागे या."

"कशाला, सायेब?"

"ते... चिखल काढायचाय."

"आज माजी सुट्टी हाय." तिने पर्स उघडली, पत्र काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं. "तुमची सही हाय बगा."

"सुट्टी रद्द केली मी."

"असा? मंग यो बी रद्द काय?" आणि तिने दुसरं पत्र काढलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले.

"मीच दिलं, सर. शुक्रवारी."

"तुम्ही... ताई, तुम्ही मुद्दाम माझा कार्यक्रम—"

"मी सांगायला आले होते, सर. तुम्हाला फोन ऐकू आला."

शेजारच्या दोन तीन खुर्च्यांवरचे लोक आता आमच्याकडे वळून बसले होते, एकाने मोबाइलवर व्हिडिओही सुरू केला होता. क्षिप्रामॅडमही येऊन उभ्या राहिल्या. शालन मात्र बसूनच बोलली. आवाज चढवला नाही.

"सायेब, मना तुमच्या मशीनशी भांडन नाय. ठेवा ना. काचा धुवंल, टप धुवंल, आमचं गुडघं वाचतील. पन मना एक सांगा. यो गवा लोकं कशाला घेनार? चिखलात न्यावालाच ना? तुमी चिखलात जाची गाडी विकाला काढलीव, आनि चिखल काढनाऱ्या बायांना घरी पाठवताव. यो हिशोब कोनी केला?"

"वरून आलंय हो ते..."

"वरून खाली नेला की पानी आत येतो," गिरजाबाई मधेच म्हणाली. तिचा हा एवढाच शब्द दिवसभरात, आणि साहेबांना तो कळला नाही.

क्षिप्रामॅडम म्हणाल्या, "उदयसिंह, मला उद्या संध्याकाळपर्यंत ही गाडी स्वच्छ हवी. ओरखडा न येता. कशी, ते तुम्ही बघा." आणि शालनच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "काय पाहिजे तुम्हाला?"

"एक पत्र," शालन म्हणाली. "दुसरा रद्द झाला असा. चौघींचा काम चालू राहील असा. पुढं कंत्राटाचा नाय, कायमचा. आनि चारी नावं. पुरी."

"मालकांना विचारावं लागेल."

"विचारा ना. आमी बसलोय. नाश्ता बी यायचाय अजून."

ते स्टेजमागे गेले. मालकांचा आवाज आला, मग साहेबांचा, मग पुन्हा मालकांचा, जरा खालच्या पट्टीत. शोरूममध्ये अजून दीडशे माणसं होती आणि सगळी परत पुढे आणलेल्या गव्याच्या चिखलासोबत फोटो काढत होती. साहेब परत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घ्या टाइप करायला. सदर पत्र रद्द करून, शालन व इतर—"

"नाय," शालन म्हणाली.

मी नावं विचारली नाहीत. पाठ होती. चार ओळी, एकाखाली एक, पानाला मार्जिन सोडून. जागा पुरली बरं का, उरलीही.

साहेब सही करायला टेबल शोधत होते, शालनने गव्याच्या बॉनेटकडे हात केला. तिथेच त्यांनी सही केली. मग मालकांची घेऊन आले. मी तीन झेरॉक्स काढल्या. एक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुलपात.

"चला मग," साहेब म्हणाले. "मागे."

"आज सुट्टी हाय, सायेब. भरपगारी." शालन उठली, निऱ्या सारख्या केल्या. "उद्या सकाली येतो. तवर बारा गोनपाटं भिजवून ठेवा. गोड्या पान्यात. आनि पिळू नका."

मग चौघींनी नाश्ता केला, ढोकळा दोनदा घेतला, आणि मनालीने टेस्ट ड्राइव्हचा फॉर्म भरला. तिच्याकडे लायसन्स आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं.

रविवारी मला सुट्टी असते. तरी गेले. उदयसिंहसाहेब बाह्या दुमडून टाकीत गोणपाटं बुडवत होते, एक एक, न पिळता. शालनने ती चिखलावर पांघरली, बाळाला दुपटं घालावं तशी. तीन तासांनी कडेला बोटं घातली आणि चाकामागचा आख्खा थर एकदम सुटून आला, पेंढ्यासकट. खालचा रंग जसाच्या तसा. साहेबांनी पुन्हा पुन्हा हात फिरवून बघितलं.

"टाका गटारात," ते म्हणाले.

"गटारात कशाला?" शालनने थर ड्रममध्ये ठेवला. "गाडी कंपनीची, सायेब. चिखल आमचा. जिथला तिथं जाईल."

चारी ड्रम पिकअपमध्ये चढले आणि खाडीकडे गेले. मीही पुढच्या सीटवर बसून गेले. जागा नव्हती, मनालीच्या मांडीवर जवळजवळ.

सोमवारी साहेब माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी केबिनमधून आवाज आला, "ताई, फोन वाजतोय."

आणि खरंच वाजत होता.

"हॅलो, तुमच्याकडे तो गवा बुक करायचाय. पण आधी एक सांगा, त्या चिखल काढणाऱ्या बाई आहेत ना तुमच्याकडे? व्हिडिओत दिसल्या त्या?"

"आहेत," मी म्हटलं. "चौघी आहेत. नावं लिहून घेता?"